न संपणारे शुद्धिपत्र

जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्राचे एक पान असे. डावीकडे 'अशुद्ध', उजवीकडे 'शुद्ध', आणि अलीकडे पृष्ठ व ओळ यांचे आकडे. 'स्मरण' हवे तिथे 'मरण' छापून गेलेले असे. प्रस्तावनेत लेखकाने आधीच हात जोडलेले असत, की सुज्ञ वाचकांनी चुका सुधारून घेऊन मगच पुस्तक वाचावे. असा सुज्ञ वाचक मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या महाविद्यालयाचे एक जुने ग्रंथपाल. नवे पुस्तक आले की ते शुद्धिपत्राचे पान समोर ठेवीत, लाल शाईने एकेक चूक जागच्या जागी दुरुस्त करीत आणि मगच पुस्तक कपाटात लावीत. बाकी आपण सगळे ते पान नुसते उलटतो. चूक तिथेच बसून दुसऱ्या आवृत्तीची वाट पाहते, आणि मराठीत दुसरी आवृत्ती निघायची म्हणजे चुकीला बरेच दीर्घायुष्य लाभते.

हे सगळे आठवण्याचे कारण मात्र मराठी पुस्तक नव्हे. माझा एक जुना विद्यार्थी, नेवासे तालुक्यातला, पुण्यात एका कंपनीत संगणकाची नोकरी करतो. नोकरी संपली की रात्री जेवणानंतर तो दुसरेच एक काम घेऊन बसतो. त्याचा पगार नाही, आणि त्यातले शुद्धिपत्र कधी संपत नाही. हे काम नेमके काय आहे, ते मला समजायला दोन दिवाळ्या जाव्या लागल्या. वाचकांना मी तितका वेळ ताटकळत ठेवणार नाही.

आपल्या घरातल्या संगणकावर किंवा मोबाइलवर चित्रे असतात. चित्रावर बोट ठेवले की काम होते. पण ह्या दर्शनी दिवाणखान्याच्या मागे एक जुनी खोली आहे. तिथे चित्र नाही, रंग नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ लुकलुकत असते आणि तिच्यावर आपण अक्षरांनी आज्ञा लिहायची. हिला 'कमांड लाइन' म्हणतात. सुताराच्या भिंतीवर पटाशी, रंधा, गिरमिट टांगलेले असावे, तशी ह्या खोलीत लहान लहान हत्यारे टांगलेली असतात. एक हत्यार ओळी वर्णक्रमाने लावते. एक शब्द मोजते. त्याचे नाव 'डब्ल्यूसी' आहे, पण ते 'वर्ड काउंट'चे आद्याक्षरी रूप आहे, वाचकांनी भलता अर्थ घेऊ नये. हव्या त्या शब्दाची ओळ हुडकून काढणारे 'ग्रेप' नावाचे हत्यार केन टॉम्सन यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७३ च्या सुमारास केले. माझ्यापेक्षा ते वयाने मोठे आहे आणि अजून रोज कामावर जाते. बँका, टपाल, रेल्वे यांच्यासारखा ज्यांचा मोठा कारभार संगणकांवर चालतो, त्यांच्या दिवाणखान्यामागे कुठेतरी ही खोली असतेच.

ह्यांतली पुष्कळशी हत्यारे कोणाच्या मालकीची नाहीत. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' नावाचा संकल्प जाहीर केला. त्याचे सार एवढेच, की कार्यक्रम ज्या मजकुरातून तयार होतो तो मजकूर कोणीही वाचावा, त्याची नक्कल करावी, त्यात सुधारणा करावी आणि सुधारलेली प्रत दुसऱ्याला द्यावी. जगाला हे फार नवलाचे वाटले. आमच्या तालुक्याला ते इतके नवलाचे वाटायला नको होते.

कारण आमच्याकडे पोथी होती. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसले असे सांगतात, तो 'पैस' नेवाशात आजही उभा आहे. (आमच्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पैस काही हलला नाही.) सच्चिदानंदबाबांच्या हातची पोथी मात्र आज कोणाजवळ नाही. राहिल्या त्या नकला, आणि नकलांच्या नकला. कोणीही उतरवून घ्यावी आणि कोणालाही द्यावी. हाताने उतरवताना डोळा एक ओळ सोडून पुढे जातो. जुना शब्द समजला नाही की नक्कलकार आपल्या ओळखीचा शब्द घालतो. एखाद्याला भक्तीचा उमाळा येतो आणि तो आपलीच एक ओवी मध्ये सारतो. सुमारे ९ हजार ओव्यांच्या ग्रंथात ती कोणाच्या लक्षात येणार?

पावणेतीनशेहून अधिक वर्षे हे चालले. मग नेवाशाहून फार दूर नसलेल्या पैठणला एकनाथांनी हा ग्रंथ हाती घेतला आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्याची शुद्ध प्रत सिद्ध केली. आळंदीला अजानवृक्षाची मुळी ज्ञानेश्वरांच्या गळ्याला लागली आणि त्यांनी नाथांना स्वप्नात येऊन ती काढायला सांगितले, ही आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र नाथांनी ग्रंथाच्या शेवटी जोडलेल्या चार-सहा ओव्या अधिक मोलाच्या वाटतात. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठांतरामुळे तो बिघडला, तो मी शोधून शुद्ध केला, एवढेच ते सांगतात. मग बजावतात, की पुढे कोणी ह्यात आपली ओवी घालील, तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे होईल. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. स्वतः एवढे मोठे कवी, भागवताचा अर्थ मराठीत आणणारे. त्यांना ओवी सुचली नसेल असे थोडेच आहे! पण इथे त्यांनी हात आवरला.

अकरावीच्या वर्गात मी हे सांगत होतो, तेव्हा हाच विद्यार्थी विज्ञान शाखेच्या मागच्या बाकावर बसलेला असे आणि बहुधा खिडकीबाहेर पाहत असे. पुढे बऱ्याच वर्षांनी घरी आला असताना तो एकदम म्हणाला, "सर, म्हणजे नाथ मेंटेनर होते की!"

मेंटेनर म्हणजे अशा खुल्या हत्याराचा सांभाळ करणारा. हत्यार कोणीतरी दुसऱ्यानेच घडवलेले असते. तो पुढे संसाराला लागतो, किंवा कंटाळतो, किंवा जगात राहत नाही. हत्यार तर लोक वापरतच असतात. मग कोणीतरी ते पुढे चालवायला घेतो. ह्या मुलाकडे आले ते एक लहानसे हत्यार आहे. वेड्यावाकड्या यादीचे नीट उभे स्तंभ पाडून देणारे. किराणा दुकानातला मुनीम वहीत दुमड घालून रकाने पाडतो, तेवढेच काम. ते जगात किती जण वापरतात, ते त्यालाही ठाऊक नाही. बिघडले की मात्र पत्रे येतात.

ह्या बिघाडाला 'बग' म्हणतात, म्हणजे किडा. आपल्याकडे ढेकूण म्हणायला हरकत नाही, कारण स्वभाव तोच. दिसतो एक आणि असतात पंधरा, आणि उजेड केला की सगळे फटीत. ज्यांनी वाड्यातल्या बिऱ्हाडात लाकडी पलंग उन्हात टाकून वर उकळते पाणी ओतले आहे, त्यांना ह्या धंद्याचे मर्म निम्मे कळले.

गेल्या वर्षी त्याला नेपाळातून एक पत्र आले. रोमन अक्षरांत नावे असली तर स्तंभ सरळ येतात, देवनागरीत असली तर वाकडे होतात. हे वाचून तो खजील झाला. मराठी माध्यमात शिकलेला नेवाशाचा मुलगा, आणि आपल्याच हत्याराला त्याने कधी मराठी खाऊ घातले नव्हते! काठमांडूकडच्या माणसाने ते दाखवून द्यावे लागले.

मूळ कुठे असेल, हे त्याने मला एका शब्दावरून दाखवले. संगणकाला त्याने 'ज्ञानेश्वरी' हा शब्द दिला आणि किती अक्षरे आहेत ते विचारले. एका रीतीने उत्तर आले ३३. दुसऱ्या रीतीने आले ११. मी बोटावर मोजली तर ४. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत. यंत्र ज्ञा हे एक अक्षर ठेवत नाही. ज, हलन्त, ञ, काना, असे चार तुकडे ठेवते. शब्दाचे असे एकूण तुकडे ११ होतात, आणि रूढ साठवणीत देवनागरीचा प्रत्येक तुकडा ३ घरे अडवतो, म्हणून ३३. आमचे हत्यार घरे मोजून जागा सोडत होते. ३३ माणसांची पंगत समजून पाट मांडले आणि जेवायला आले चौघे, अशातली गत.

ह्यातून मराठीच्या आणखी खोड्या त्याने मला दाखवल्या आणि त्या संध्याकाळी मी चहा दोनदा गार केला. साध्या तुकड्यांच्या क्रमाने शब्द लावायला सांगितले, तर यंत्र 'गळा' आधी लावते आणि 'गहू' नंतर, कारण त्याच्या तक्त्यात ळ हा ल च्या शेजारी बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत ळ बसतो ह च्या नंतर. आपला क्रम हवा असेल, तर मराठीचा निराळा तक्ता कोणीतरी लिहून ठेवावा लागतो. 'दऱ्या'तला ऱ तर दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकसंध किंवा र खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. 'ग्रेप'ला एकाचा शोध घ्यायला सांगा, दुसरा त्याला दिसत नाही. मी आयुष्यभर पाठभेद शिकवला, पण वाचणाऱ्याला मुळीच न दिसणारा पाठभेद मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

दुरुस्तीची रीत सांगतो. तक्रार आली की प्रथम ती चूक आपल्या घरी जशीच्या तशी घडवून आणायची. घडली नाही तर सगळेच अडते, डॉक्टरांपुढे गेल्यावर मुलाचा खोकला थांबावा तसे. घडली की कारण शोधायचे, कमीत कमी ओळी बदलायच्या, आणि तीच चूक पुन्हा आली तर आपोआप कळावे म्हणून एक चाचणी लिहून ठेवायची. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द त्याने अशाच एका चाचणीत घातला: ह्याची अक्षरे ४ भरली पाहिजेत. मग नवी आवृत्ती वाटायची. एवढे केल्यावर नेपाळचा गृहस्थ खूश झाला आणि दुसऱ्याच दिवशी ब्राझीलमधून एक संतप्त पत्र आले. त्याचा सगळा हिशेब म्हणे जुन्या चुकीच्या अंतरावर बेतलेला होता, आता तो कोलमडला, तर कृपा करून चूक परत आणावी. चुकीचीही माणसाला सवय होते. पाठभेदांवर भांडणाऱ्या आम्हा मराठीच्या लोकांना ह्यात नवल नाही. १९०९ साली राजवाड्यांनी एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापून ती नाथांच्या आधीची असल्याचे प्रतिपादन केले, त्यावरून विद्वानांची किती वर्षे जुंपली होती!

चूक शोधणाऱ्याचे कौतुक करणारी माणसेही ह्या जगात आहेत. डोनाल्ड नूथ हे गणिती. पुस्तकांची अक्षरजुळणी करणारा 'टेक' नावाचा कार्यक्रम त्यांनी लिहिला आणि त्यात चूक दाखवील त्याला सुरुवातीला २ डॉलर ५६ सेंटचे बक्षीस ठेवले. तो धनादेश पुष्कळ जण वटवीत नसत, चौकटीत घालून भिंतीवर लावीत. आपल्या मृत्यूनंतर जी चूक उरलेली असेल तिला गुण समजावे, असेही त्यांनी सांगून ठेवले आहे. एवढा दिलदारपणा मराठी ग्रंथकाराकडे असता, तर तो पुस्तकाच्या मानधनात मात्र परवडला नसता.

पण सांभाळणारे बहुतेक जण असे नामवंत नसतात. कमांड लाइनवरच्या आज्ञा ऐकून घेणारा 'बॅश' नावाचा कार्यक्रम आहे. ब्रायन फॉक्स यांनी तो १९८९ साली आणला. पुढे त्याचा सांभाळ चेट रेमी नावाच्या गृहस्थांकडे आला. हे क्लीव्हलँडच्या विद्यापीठात नोकरी करीत आणि फावल्या वेळात बॅश पाहत. सप्टेंबर २०१४ मध्ये स्टेफान शाझेला यांना त्यात एक भोक सापडले. त्यातून परका माणूस दुसऱ्याच्या संगणकाला वाटेल ती आज्ञा देऊ शकत होता. भोक सुरुवातीच्या काळापासूनचे, म्हणजे पंचवीस वर्षांचे. मजकूर सगळ्यांना वाचायला खुला होता, पण खुला आहे म्हणून कोणी वाचतोच असे नाही, शुद्धिपत्रासारखेच. जगभरचे लोक घाईने ती फट बुजवीत होते, तेव्हा कुठे पुष्कळांना पहिल्यांदा कळले, की इतकी वर्षे हे घर एक माणूस बिनपगारी झाडत होता.

दुसरी गोष्ट ह्याहून वाईट, आणि तिचा आमच्या मुलाशी संबंध आहे. 'एक्सझेड' हे मजकूर दाबून लहान करणारे हत्यार, ट्रंकेवर बसून कपडे कोंबावेत तसे काम करणारे. त्याचा सांभाळ फिनलंडमधले लासे कॉलिन वर्षानुवर्षे करीत आले. २०२२ साली लोक त्यांच्यामागे लागले, की कामाला उशीर होतो, दुसऱ्याच्या हाती द्या. हा बिनपगारी छंद आहे आणि माझे मन ठीक नाही, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. त्याच सुमारास 'जिया टॅन' ह्या नावाचा एक जण मदतीला आला होता. कष्टाळू, नम्र, वेळेवर काम करणारा. दोन-अडीच वर्षे त्याने खरोखरच चांगल्या दुरुस्त्या केल्या आणि हळूहळू किल्ल्या त्याच्या हाती आल्या. मग २०२४ च्या सुरुवातीला त्याने चोरदरवाजा बसवला. घातक माल चाचणीच्या फायली म्हणून ठेवलेल्या गाठोड्यांत लपवला, आणि तो जागा करणाऱ्या ओळी सर्वांपुढे ठेवलेल्या मूळ मजकुरात न घालता फक्त वाटपाच्या प्रतीत घातल्या. पोथी स्वच्छ, नक्कल विषारी. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. दुसरा कोणी असता तर चहा घेऊन आला असता. ते मागावर निघाले, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सगळे उघड केले. मोठ्या कारभारांच्या संगणकांवर ती प्रत पसरायची होती, तेवढ्यात ती अडली. जिया टॅन कोण होता, ह्याचा उलगडा झालेला नाही.

नाथांनी ज्या नरोटीची धास्ती घेतली होती, ती बहुधा भाबड्या भक्तांच्या ओवीची. ही नरोटी जाणूनबुजून, दोन वर्षे ताट वाढण्याची सेवा करून ठेवलेली होती.

गेल्या दिवाळीत हा मुलगा आला तो निराळाच दिसत होता. त्याच्या घरी पाळणा हलायचा होता. रात्रीचे दोन तास आता मिळणार नव्हते, आणि मिळाले तरी ते बायकोला द्यावेत, हे त्याला न सांगता कळत होते. (त्याच्या बायकोने पूर्वी एकदा आमच्या सौभाग्यवतींना विचारले होते, "काकू, फुकट काम करणाऱ्याला रजा कोणाकडे मागायची असते?") हत्यार कोणाकडे तरी सोपवायला हवे होते, आणि माणूस समोर उभा होता. गेली तीन वर्षे दुरुस्त्या पाठवणारा, कष्टाळू, नम्र, वेळेवर काम करणारा. ज्याचे तोंड त्याने कधी पाहिले नव्हते, देश कोणता ते ठाऊक नव्हते, आणि नाव खरे असेल असा नुसता समज होता.

"सर, तो शंभरातल्या नव्याण्णव वाट्यांनी सज्जन असणार," तो म्हणाला. "पण त्यांचाही तसाच होता ना. आणि तसे त्याला लिहायचे तरी कसे? तीन वर्षे राबल्यावर एखाद्याला म्हणायचे, की तू चोर नाहीस कशावरून?"

मी त्याला सल्ला द्यावा असे माझे त्यातले ज्ञान नव्हते. मी म्हटले, "नाथांनीही फक्त विनंती केली होती, बाबा. पहारा बसवला नव्हता, आणि बसवायची सोयही नव्हती."

"आम्हांला थोडी आहे," तो म्हणाला, आणि जरा विचारात पडला.

पुण्याला गेल्यावर त्याने त्या माणसाला पत्र लिहिले आणि आडपडदा न ठेवता लिहिले. दोघांनी मिळून सांभाळू. कोणाचीही दुरुस्ती असो, माझी असली तरी, ती दुसऱ्याने वाचल्याशिवाय आत घ्यायची नाही. वाटपाची प्रत कोणी हाताने बांधायची नाही; ती उघड्यावरच्या मूळ मजकुरातून यंत्रानेच तयार व्हावी, म्हणजे कोणालाही दोन्ही पडताळून पाहता येतील. असे का, तर एक्सझेडचे झाले ते मी विसरू शकत नाही. तुमच्यावर माझा संशय आहे असे वाटले तर वाईट वाटून घ्या, पण नाही म्हणू नका.

हे पत्र त्याने मला आधी वाचून दाखवले होते. मला ते फार रोखठोक वाटले. मी एक-दोन ठिकाणी 'कृपया' घालायला सुचवले. त्याने एकच घातला.

उत्तर दुसऱ्या दिवशी आले. समोरच्याने लिहिले होते, की अशी व्यवस्था करू या असे मीच सुचवणार होतो, पण मूळ सांभाळणारा तुम्ही, तुम्हांला कसे विचारावे म्हणून थांबलो. तुम्हांला मी कोण ते ठाऊक नाही, तसे तुम्ही कोण ते मलाही ठाऊक नाही. तुमच्या प्रती मी गेले वर्षभर गुपचूप मूळ मजकुराशी ताडून पाहत आलो आहे.

त्याखाली एक शंका होती. देवनागरीच्या चाचणीतल्या शब्दाची अक्षरे ४ लिहिली आहेत, आमच्या मोजणीने ती ११ येतात, तरी भाषा जाणणाऱ्या कोणाला तरी एकदा विचारून घ्यावे. विद्यार्थ्याने ती शंका जशीच्या तशी माझ्याकडे पाठवली. मी कागदावर ज्ञा, ने, श्व, री अशी चार अक्षरे सुटी सुटी लिहिली, प्रत्येकाखाली त्याचे तुकडे मांडले, आणि कागदाचा फोटो काढून पाठवून दिला. चौथ्या दिवशी चाचणीशेजारी एक नवी टीप आली, त्या परक्या माणसाच्या हातची: पडताळले, चार बरोबर.